सर, तोंडी बंद करायला निघाले आहे

सर, तुमचं तेरावंसुद्धा अजून व्हायचं आहे आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. बाकी सगळे तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलत आहेत. सातवीच्या फळ्यावर पोरांनी रंगीत खडूने तुमचं नाव लिहिलंय. ते पुसायची कुणाची हिंमत होत नाही, म्हणून मी उरलेल्या अर्ध्या फळ्यावर गणितं सोडवते आहे. मला मात्र चांगलं काही सुचत नाही. आपला वाद अर्धा राहिला आणि तुम्ही मधूनच उठून गेलात, एवढंच सुचतं. स्टाफरूममध्येही तुमची हीच खोड होती. मी मुद्द्यावर आले की तुम्हाला तास आठवायचा.

परवा हेडमास्तरांनी बोलावलं. पाचवीच्या प्रवेशाचं बघायचं होतं. म्हणाले, "बाई, यंदा तोंडी परीक्षा तुम्ही घ्या. शिंदे सरांनंतर तुम्हीच ज्येष्ठ. नाहीतर समितीत सांगून टाका की तोंडी नको, म्हणजे विषय संपला." जे मिळावं म्हणून मी इतकी वर्षं घसा कोरडा केला, ते त्यांनी असं सहज पुढे सरकवलं आणि वर चहा घेणार का म्हणून विचारलं. समिती उद्या बसते आहे. तुमच्या खुर्चीवर बसायचं की ती खुर्चीच उचलून ठेवायला सांगायचं, हे मला उद्या बोलावं लागणार. तेव्हापासून मी घरात भांडी आदळते आहे. यांनी काय झालं म्हणून विचारलं, तर त्यांच्यावरही ओरडले.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मला पहिल्यापासून मांडल्याशिवाय गणित सुटत नाही, तेव्हा ऐका. आपली शाळा सरकारी, वसतिगृहाची आणि निवडून पोरं घेणारी. आधी लेखी पेपर, मग त्याच्या निम्म्या गुणांची तोंडी. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं तोवर गावातली आणि आसपासची पोरं यायची, भांडायला फारसं काही नव्हतं. मग लातूर जिल्हा झाला. गुलाल उधळला, पेढे वाटले, आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात उदगीर, निलंगा, अहमदपूरहून आईबाप पोरांना घेऊन फाटकात उभे राहिले. जिल्ह्याची शाळा, म्हणजे आमचीपण. जागा होत्या तेवढ्याच. त्यात पावसाने पाठ फिरवली. वसतिगृहात आंघोळीचे वार ठरले. टँकर जेवढा येईल तेवढीच पोरं घेऊ, असं हेडमास्तर म्हणू लागले. एका जागेसाठी इतकी पोरं आली की कुणाला घ्यायचं आणि कसं, यावरून तुमचं माझं पेटलं.

तोंडी म्हणजे हॉलमध्ये एक टेबल, टेबलामागे आपण मास्तर मंडळी आणि पुढ्यात घाबरलेलं पोर. तुम्ही त्या टेबलाला कधी मानलंच नाही. तुमची तोंडी फाटकापाशी सुरू व्हायची. नंबराची चिठ्ठी हातात धरलेलं पोर दिसलं की त्याच्या खांद्यावर हात टाकायचा आणि मैदान ओलांडत त्याच्याबरोबर हॉलपर्यंत चालायचं. "काय रं, कोण्या गावचा? येताना रस्त्यानं काय काय लागलं, सांग बरं मला." पोराला वाटायचं, शाळेचा शिपाई बोलतोय. तुमचा सदराही तसाच असायचा. मग ते मोकळं सुटायचं. हॉलच्या पायरीशी पोचेपर्यंत तुमचे गुण मनात ठरलेले असायचे. टेबलापुढची परीक्षा म्हणजे नुसती हजेरी.

रस्ता ऐकून काय कळतं, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "ज्याला गावांची रांग पाठ हाय त्याला भूगोल येईल. एस्टीत कोन कोनाशी भांडलं हे ज्यानं सांगितलं त्याला भाषा येईल. आन् एस्टीला उशीर का झाला हे ज्यानं सांगितलं ते पोर तुमच्या गणिताचं."

"आणि ज्याला एस्टीत झोप लागली?"

"ते तर घ्यायाचंच, बाई. परीक्षेच्या दिवशी ज्याला झोप लागती त्याला कशाचं भ्याव?"

सगळी स्टाफरूम हसली. मीही हसले आणि मग चिडले. तुमच्यावर नीट चिडायचं तर आधी हसू आवरावं लागायचं, हा एक वेगळाच ताप होता.

माझ्या तोंडीची गोष्ट मी तुम्हाला एकदाच सांगितली होती. नायगावजवळच्या आमच्या खेड्यातून बाबा मला नांदेडला घेऊन गेले होते, अशाच एका निवडून घेणाऱ्या शाळेत. लेखीत माझं नाव वर होतं. टेबलामागच्या गृहस्थांनी पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. कांबळे ऐकल्यावर त्यांनी मान वर केली, शेजारच्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "जा." बाहेर बाबा उन्हात उभे होते.

"काय इचारलं?"

"नाव."

"आनखी?"

"आनखी काई न्हाई."

बाबांनी स्टँडवर मला केळी घेऊन दिली, स्वतः खाल्ली नाहीत. आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. बाबांना वाटायचं, आता पोरांना असलं काही बघावं लागणार नाही. त्या दिवशी परतीच्या एस्टीत ते सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत बसले. म्हणून मला नंबराचा पेपर आवडतो, सर. तपासणाऱ्याला त्यावर आडनाव दिसत नाही.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "बाई, मी कोनालाच आडनाव इचारत न्हाई." खरंच होतं ते. गावाकडे एवढी जमीन, भावकीत एवढा मान, आणि तरी तुमच्या तोंडून तो प्रश्न मी कधी ऐकला नाही. म्हणून तर मला जास्त राग आला. मी म्हटलं, "तुम्ही नाही विचारत. पण उद्या तुमच्या खुर्चीत कोण बसेल? तो काय विचारेल?" तुम्ही म्हणालात, "उद्याचं उद्या बघू." बघा आता. तो उद्या आलाय आणि तुम्ही नाही.

पण तुमच्याकडेही उत्तर होतं, आणि ते मला अजून खुपतं. "तुमच्या पेपराला आडनाव दिसत न्हाई, पन शिकवणी दिसती," तुम्ही म्हणाला होतात. "जिल्हा झाल्यापासून गल्लीगल्लीत शिकवण्या निघाल्या हायेत, बघितलं का? आन् खेड्यातलं पोर औंदा मायसंगं खडीच्या कामावर जाऊन राहिलंय. तिथल्या शाळेत मास्तर एकटाच बसून. औंदा तुमचा पेपर पानी मोजनार, पोरं न्हाई." तुमचं म्हणणं, खेड्यातल्या पोरांसाठी लेखीची अट खाली आणा. माझं म्हणणं, मुळीच नको. लोक त्यांना जन्मभर दुष्काळी बॅच म्हणतील. असं नाव एकदा चिकटलं की धुवून निघत नाही, हे मला विचारा. या शाळेत रुजू झाले त्या दिवशी माझी ओळख करून देताना एक जण म्हणाले होते, "या राखीव जागेवरच्या बाई." पदवीला मी विद्यापीठात कितवी होते ते कुणी विचारलं नाही. तुम्ही तेवढे उठून माझ्यासाठी खुर्ची ओढलीत आणि म्हणालात, "बसा, आजपासून माझा गणिताचा तास सुटला बघा." त्या एका वाक्याच्या जोरावर मी पुढची कितीतरी वर्षं तुमच्याशी भांडण केलं.

अट खाली आली नाही. पण तोंडी तुमच्या हातात होती. गेल्या उन्हाळ्यात लेखीत मागे पडलेल्या खेड्यातल्या पोरांना तुम्ही तोंडीत हात सैल सोडून गुण दिलेत. कमल त्यातलीच. रेणापूरकडच्या खेड्यातली, आईबाप दोघंही रोजगार हमीच्या कामावर. लेखीत जेमतेम. तोंडीत मात्र सगळ्यांच्या वर. मी टेबलाशी तुमच्या शेजारी होते. पोर निळ्या फुलांच्या झग्याचं टोक पिळत उभी, तोंडातून शब्द नाही.

"सर, हिला बोलता येतं का?" मी कुजबुजले.

"टेबल बघून भ्याली. मघाशी ऐकायला पायजे व्हतं तुमी. एस्टी पंक्चर झाली तर किती मानसं उतरली, किती चालत निघाली, उरल्याली किती, सगळा हिशेब सांगितला पोरीनं. ही तुमच्या गणिताची हाय, लिहून ठिवा."

मी वाट बघत राहिले. जून गेला, पोळा गेला. कमल माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसायची आणि वजाबाकीत हातचा घ्यायची वेळ आली की तिचे डोळे भरायचे. गुणी, नीटनेटकी, सांगितलेलं सगळं करणारी पोर. पण तुम्ही ऐकलेली ती बोलकी पोर मला कधी सापडली नाही. मी तुम्हाला टोचायची, "सर, तुमचा हिशेब कधी सुरू होणार?" तुम्ही म्हणायचात, "तिला अजून टेबलच दिसून राहिलंय, बाई." दसऱ्याला ती घरी गेली आणि परत आलीच नाही.

तुम्ही तिला आणायला गेलात. शेवटच्या एस्टीने एकटेच परत आलात. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तर "न्हाई येत म्हणती" एवढंच बोललात आणि तास नसताना तासाला निघून गेलात. त्यानंतर तोंडीवरून तुम्ही माझ्याशी एकदाही भांडला नाहीत. मी काही बोलले तर मान हलवायचात. मला वाटलं, तब्येत बरी नसेल. काळजी वाटली आणि थोडं जिंकल्यासारखंही वाटलं.

परवा तुमची शोकसभा झाली. पालकांचे प्रतिनिधी वकीलसाहेब भाषण करून, तुमच्या फोटोला हार घालून खाली आले. त्यांचा धाकटा यंदा परीक्षेला बसतोय आणि दोन ठिकाणी शिकवणीला जातो. माझ्या शेजारी बसून म्हणाले, "फार मोठा माणूस गेला. पण बाई, आता तोंडीचा अडसर राहिला नाही. मेरिट म्हणजे मेरिट. समितीत आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत."

मेरिट म्हणजे मेरिट. माझंच वाक्य ते. स्टाफरूममध्ये ते मी किती वेळा तुमच्या तोंडावर फेकलं असेल. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मी नमस्कार करून उठले.

दाराशी कमलचे वडील उभे होते. स्टँडवर कुणाकडून तरी कळलं म्हणून कामावरून तसेच आले होते, पायांवर खडीची पांढरी धूळ. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, सरानं तुमाला थोरलीचं सांगितलंच असंल."

कोण थोरली, मला काही कळेना. ते सांगत गेले. तोंडीच्या दिवशी दोघी बहिणी आल्या होत्या, धाकटी कमल आणि थोरली सुमन. झगे एकाच ताग्यातून शिवलेले, आणि थोरलीची अंगलटही धाकटीएवढीच. सुमनचं वय पाचवीच्या परीक्षेसाठी उलटून गेलेलं, गावात चौथीच्या पुढे शाळा नाही, म्हणून ती घरी बसलेली. त्या दिवशी नुसती बहिणीला सोबत म्हणून आली होती.

"धाकटी लई भोळी. नंबराची चिठ्ठी हरवील म्हनून म्या थोरलीच्या मुठीत देली आन् धाकटीला पानी पाजाया नेलं. परत येऊन बघतो तर थोरली सरासंगं मैदानातून चालून राहिली, तोंडाचा पट्टा चालू. मला वाटलं, असंच बोलत असतील."

रस्ता सुमनने सांगितला होता, सर. पंक्चरचा हिशेबही तिचाच. तुमचा चष्मा नेहमीप्रमाणे खिशात. तुम्ही पोरीच्या मुठीतल्या चिठ्ठीवरचा नंबर तेवढा डोळ्यांजवळ धरून बघितलात आणि गुण कमलला दिलेत. मग हॉलमध्ये कमल गप्प उभी राहिली, तेव्हा तुमच्या डोक्यात उत्तर तयारच होतं. टेबल बघून भ्याली.

"दसऱ्यानंतर सर घरी आले तवा थोरलीच पुढं आली. म्हनली, सर, तुमीच मला रस्ता इचारला व्हता की. सर आधी लई हासले. मंग दारातल्या दगडावर बसले ते उठंचनात. म्हनले, चूक पोरीची न्हाई, माझी हाय. थोरलीला पुढच्या वर्गाच्या परीक्षेला बसवू, धाकटीलाबी परत घेऊ. बाईला सांगतो. बाई भांडतील, पन गणित त्याच शिकवतील." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "सांगितलं न्हवं सरानं?"

"हाव," मी म्हटलं. "सांगितलंय."

तुम्ही कुठे काय सांगितलं होतं? दसऱ्यापासून हे पोटात धरून बसलात. का हो? मी हसले असते म्हणून? हसलेच असते. भर स्टाफरूममध्ये तुमची फजिती केली असती आणि मधल्या सुट्टीत सुमनसाठी पुस्तकं काढून दिली असती, हे तुम्हाला माहीत होतं. की तोंडी हातची जाईल असं वाटलं? तुमच्या तोंडीविरुद्ध याहून मोठा पुरावा मला जन्मात मिळाला नसता. तो तुम्ही लपवलात, आणि आता मिळालाय तर वापरायची सोय ठेवली नाहीत. वकीलसाहेबांसमोर मी हे काढलं तर तुमच्या फोटोवरचा हार सुकायच्या आत ते कोर्टभर सांगत सुटतील. नाही काढणार. पण राग जात नाही. माणसाने अशी गोष्ट ज्याच्याशी भांडतो त्यालाच सांगायची असते.

काल कमलचे वडील दोघींना घेऊन माझ्या घरी आले. मी सुमनला काही विचारलं नाही, नुसतं बस म्हटलं. तिनेच सुरुवात केली. एकच टँकर आधी पलीकडच्या गावाला जातो आणि मग यांच्याकडे येतो. पलीकडच्या गावात विहिरी जास्त, तरी पाणी तिकडेच जास्त उतरतं. का, तर डायव्हरची सासुरवाडी तिथली. मग टँकर अर्धा रिकामा होतो तर आपल्या गावात घरटी किती घागरी यायला पाहिजेत आणि येतात किती, हे तिने बोटांवर मांडून दाखवलं. मी चहाचा कप तसाच धरून ऐकत होते. सर, तुमचा कान चुकला नव्हता. पोर माझ्याच गणिताची आहे. तुम्ही ते मैदानात चालता चालता ओळखलं, आणि मला टेबलामागे बसून कधीच ओळखता आलं नसतं. तुम्ही जाऊन इतके दिवस झाले, मला नीट रडू आलं नव्हतं. ते काल आलं, त्या दोघींच्या देखत.

कमल दाराला टेकून आमच्याकडे बघत होती. तिला खरं तर कुणीच निवडलं नव्हतं, तुम्हीही नाही. दुसरीचे गुण तिच्या डोक्यावर ठेवले आणि ते तिला पेलले नाहीत. कुणाला घ्यायचं यावर आपण दोघं इतके भांडलो, पण घेतलेल्या पोराला आपल्या वर्गापर्यंत आणून सोडायचं कुणी, यावर एकदाही भांडलो नाही. ते भांडण व्हायला हवं होतं.

तर माझं ठरलं आहे. उद्या मी तोंडी बंद करा असंच सांगणार आहे. तुमच्यासारखा माणूस असूनही ती चुकली, मग तुमच्यासारखा माणूस नसताना काय होईल ते मी नांदेडला पाहिलेलं आहे. पण एवढ्यावर थांबणार नाही. पेपर प्रत्येक तालुक्याच्या गावी घ्या, म्हणजे पहाटे उठून एस्टीने इथवर यायला नको. निलंग्याचं पोर निलंग्याच्या पोरांशी ताडून बघा, लातूरच्या शिकवणीवाल्यांशी नाही. आणि जे कुणी येईल त्याला दिवाळीपर्यंत पायापासून शिकवा, सकाळचा जादा तास मी घेते. सुमनला वरच्या वर्गाच्या लेखीला बसू द्या आणि कमलचं नाव पटावरून काढू नका. गुण मी कुणालाच फुकट देणार नाही. यात निम्मं तुमचंच आहे, हे तुम्ही असताना मी मेले तरी कबूल केलं नसतं.

माझ्या पहिल्या वाक्याला वकीलसाहेब मान डोलावतील आणि दुसऱ्याला थांबतील. मग बाकीचेही थांबतील. पाण्याचं कारण निघेल, टँकरचं निघेल, बाई, हा आमच्या पोरांवर अन्याय नाही का, असंही निघेल. मी हरेन असं वाटतंय. तुम्ही असता तर तोंडीसाठी माझ्यावर तुटून पडला असता आणि तालुक्यांसाठी माझ्या बाजूने बोलला असता, दोन्ही एकाच बैठकीत, एक कप चहा संपायच्या आत. उद्या त्या टेबलाशी माझ्याशी भांडायला पुष्कळ जण असतील. पोरांच्या बाजूने उभं राहून माझ्याशी भांडणारं कुणी नसेल, सर.